आढी आणि कात्री
(लघुपटाच्या संकलनाचे पहिले धडे)

– एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला

चित्रपट म्हटला की आपल्याला नट-नटी आठवतात, गाणी आठवतात, फार तर दिग्दर्शकाचे नाव आठवते. संकलकाचे नाव पडद्यावर येते तेव्हा आपण बहुधा अंधारात आपली खुर्ची शोधत असतो. मीही त्यातलीच होते. गेल्या वर्षी आमच्या मराठी विभागाने एक उपक्रम हाती घेतला नसता, तर ‘संकलन’ हा शब्द मी केवळ कवितासंग्रहाच्या संदर्भातच वापरला असता.

उपक्रम असा होता : चार-चार विद्यार्थ्यांचे गट करायचे आणि प्रत्येक गटाने आपल्या परिसरातील एखाद्या कामावर सहा मिनिटांचा लघुपट करायचा. आमच्या गटात एकाला छायाचित्रण हवे होते, एकीला लेखन, एकाला दिग्दर्शन. उरले ते संकलन माझ्या वाट्याला आले. बसल्या जागी होणारे काम म्हणून मी ते आनंदाने घेतले! पुढचे तीन महिने त्या बसल्या जागेने मला काय काय शिकवले ते येथे लिहीत आहे. हा तज्ज्ञाचा लेख नव्हे. पुढील वर्षी ज्यांच्याकडे हे काम येईल त्यांना माझ्या चुका उपयोगी पडाव्यात, एवढाच हेतू.

विषय मीच सुचवला होता : आढी. रत्नागिरीच्या वाचकाला आढी म्हणजे काय ते सांगायला नको. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. बाबा वीस वर्षांहून अधिक काळ एका बागायतदारांच्या बागेत कामाला आहेत आणि हंगामात आई त्याच बागेच्या शेडमध्ये आंबा निवडायला जाते. झेल्याने देठासकट उतरवलेला आंबा, त्याचा चीक, पेंढ्याचे थर, डझनांचा हिशेब, हे सारे मी लहानपणापासून पाहिले आहे. पाहिलेल्या गोष्टीवर लघुपट करणे सोपे, असे मला वाटले. तो माझा पहिला गैरसमज होता.

संकलन म्हणजे काय?

चित्रपट ज्या क्रमाने आपण पाहतो त्या क्रमाने तो सहसा चित्रित होत नाही. एकेक दृश्य तुकड्या-तुकड्यांत, अनेकदा घेतले जाते. त्या तुकड्यांतून निवड करणे, त्यांचा क्रम लावणे, प्रत्येक तुकडा कोठे सुरू व्हावा आणि कोठे संपावा हे ठरवणे आणि त्यांना आवाजाची जोड देणे म्हणजे संकलन.

आज हे काम संगणकावर होते. पूर्वी ते खरोखर कात्रीचे होते. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चित्रचौकटी असतात आणि बोलपटात सेकंदाला २४ चौकटी पडद्यावर सरकतात. म्हणजे एका मिनिटाला ९० फूट फिल्म लागते. हजार फुटांचे एक रीळ अकरा मिनिटांत संपते. संकलक मूळ निगेटिव्हला हात लावत नसे. तिच्यावरून काढलेली कामाची प्रत तो कापी, जोडी, पुन्हा सोडवी. सर्व पक्के झाले की फिल्मच्या काठावरील आकडे जुळवून निगेटिव्ह कापली जाई. तेथे चूक झाली तर ती भरून येत नसे.

आपल्याकडे ही परंपरा फाळक्यांपासून आहे. १९१२ साली दादासाहेब फाळके लंडनला जाऊन यंत्रसामग्री घेऊन आले. त्या वेळची कच्ची फिल्म छिद्रांविना येई. अंधारात बसून तिला छिद्रे पाडण्याचे काम सरस्वतीबाई फाळके करीत. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. त्याची लांबी सुमारे ३७०० फूट होती. आम्ही बागेत मोबाइलवर जे चित्रीकरण केले ते १३० मिनिटांचे भरले. फिल्मच्या हिशेबाने पावणेबारा हजार फूट! फाळक्यांच्या चित्रपटाच्या तिप्पट फिल्म आम्ही आठ दिवसांत ‘खर्च’ केली आणि तिची किंमत शून्य असल्यामुळे चित्रित करताना विचारही शून्य केला, हे मला नंतर कळले.

पुण्यात प्रभात फिल्म कंपनीच्या जागेवर १९६० साली चित्रपटशिक्षणाची सरकारी संस्था सुरू झाली. तेथे संकलन हा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. रेणू सलुजा याच संस्थेत संकलन शिकल्या. ‘जाने भी दो यारो’ (१९८३) त्यांनी संकलित केला आणि ‘परिंदा’ (१९८९) साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २००० साली त्यांचे निधन झाले. विद्यार्थ्यांच्या लघुपटाचे आपल्या भाषेतले ठळक उदाहरण म्हणजे नागराज मंजुळे यांचा ‘पिस्तुल्या’. अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) महाविद्यालयात संज्ञापन शिकत असताना त्यांनी तो केला. शाळेची ओढ असलेल्या एका गरीब मुलाची ती गोष्ट २०१० सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत पदार्पणाच्या लघुपटाचा सन्मान मिळवून गेली. सरांनी आम्हाला हे सांगितले तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, “म्हणजे आपल्यासारख्यांनाही जमते.” ते वाक्य माझ्या मनात राहिले.

पहिला धडा : आधी बघा, मग कापा

पहिल्याच दिवशी मी संगणकासमोर बसले आणि आवडलेले तुकडे धडाधड एकापुढे एक लावले. संध्याकाळी पाहिले तर ती लग्नाच्या अल्बमसारखी नुसती चित्रांची रांग झाली होती. सरांनी ते पाहिले आणि एक शंभर पानी वही आणायला सांगितली.

त्या वहीत प्रत्येक तुकड्याची नोंद करायची : क्रमांक, किती सेकंदांचा, त्यात काय घडते, आवाज कसा आहे आणि शेवटी एका शब्दात तो पाहून काय वाटले. १३० मिनिटांचे चित्रीकरण लिहून काढायला मला अकरा दिवस लागले. पण त्यानंतर कोणता तुकडा कोठे आहे ते मला पाठ झाले. ‘काय वाटले’ हा रकाना सर्वांत महत्त्वाचा. वॉल्टर मर्च या अमेरिकन संकलकाने चांगल्या कटचे सहा निकष सांगितले आहेत. त्यांत त्याने भावनेला निम्म्याहून अधिक वजन दिले आहे. कथा, लय, नजरेचा ओघ हे सारे तिच्या मागून येते. ‘अपोकॅलिप्स नाउ’ (१९७९) या ज्या चित्रपटाच्या संकलनात तो होता, त्याचे चित्रीकरण साडेबारा लाख फुटांचे होते. त्याच्या पुढे आमचे पावणेबारा हजार फूट म्हणजे काहीच नव्हे, या विचाराने मला धीर आला.

याच टप्प्यावर एक अपघात झाला, तो सांगते. संगणकात पसारा झाला म्हणून मी सर्व तुकडे एका नव्या फोल्डरमध्ये हलवले. दुसऱ्या दिवशी पाहते तो सगळा पडदा लाल! सर्व काही पुसले गेले असे समजून मी रडकुंडीला आले. खरी गोष्ट अशी की संकलनाची प्रणाली तुकडे स्वतःजवळ ठेवत नाही. कोणता तुकडा कोणत्या जागी आहे एवढाच पत्ता ती लिहून ठेवते. घर बदलले आणि पत्ता कळवला नाही तर पत्र परत येणारच. म्हणून नियम : एकदा जागा ठरवली की ती हलवायची नाही आणि मूळ तुकड्यांची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवायचीच.

दुसरा धडा : दिशा

बाबा पेटी उचलून शेडकडे निघतात हे दृश्य आम्ही दोन बाजूंनी घेतले होते. एकात ते डावीकडून उजवीकडे जातात, दुसऱ्यात छायाचित्रकार मित्र वाटेच्या पलीकडे जाऊन उभा राहिल्यामुळे उजवीकडून डावीकडे. बागेत उभे असताना यात काही वावगे वाटले नाही. पण दोन्ही तुकडे एकापुढे एक लावले तर बाबा काहीतरी विसरल्यामुळे अर्ध्या वाटेवरून परत फिरले असे दिसू लागले!

यामागचा नियम साधा आहे. चालणारा माणूस आणि त्याचे ठिकाण यांच्यामध्ये एक रेषा आहे असे धरावे आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवावा. तो पलीकडे गेला की पडद्यावरची दिशा उलटते. आमचे चित्रीकरण तर होऊन गेले होते. मग सरांनी तोड सुचवली : दोहोंच्या मध्ये दिशा नसलेला तुकडा घाला. मी बाबांच्या पायांखाली चुरडणाऱ्या वाळक्या पानांचा समोरून घेतलेला तुकडा तेथे घातला आणि बाबा मुकाट्याने शेडमध्ये पोहोचले.

तिसरा धडा : आवाज

आपण चित्रपट ‘बघतो’ म्हणतो, पण तुकड्यांचा सांधा लपवतो तो आवाज. प्रत्येक तुकड्यात वारा निराळा, लांबच्या टेंपोचा हॉर्न निराळा. त्यामुळे प्रत्येक कटला कानाला ठेच लागत होती. उपाय म्हणजे चित्रीकरणाच्या ठिकाणी, कोणी काही बोलत नसताना, निदान अर्धा मिनिट नुसता तेथला आवाज मुद्रित करायचा. तो सर्व तुकड्यांखाली अंथरला की सांधे दिसेनासे होतात. आम्ही तो घेतला नव्हता. मी पुन्हा शेडमध्ये गेले तेव्हा पाऊस सुरू झाला होता आणि शेड रिकामी होती. अखेर आईने घरीच पेंढा हलवला आणि मी तो आवाज घेतला. लघुपटात जी आढीची सळसळ ऐकू येते ती आमच्या पडवीतली आहे.

दुसरी युक्ती अशी की पुढच्या दृश्याचा आवाज चित्राच्या आधी येऊ द्यावा. आई आंबा निवडत असतानाच पेटीवर खिळे ठोकण्याचा आवाज सुरू होतो आणि मग हातोडी दिसते. कान पुढे जातो आणि डोळा त्याच्या मागून येतो. कट झाला हे प्रेक्षकाच्या लक्षातही येत नाही.

चौथा धडा : एक कट आणि बाबा

आता ज्यासाठी हा लेख लिहिला तो भाग.

१९२० च्या सुमारास रशियात लेव्ह कुलेशोव्ह याने केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. मोझुखिन नावाच्या नटाचा एकच, कोणतेही भाव नसलेला चेहरा त्याने निरनिराळ्या दृश्यांना जोडला. एकदा सुपाची वाटी, एकदा शवपेटी, एकदा एक स्त्री. प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यावर कधी भूक, कधी शोक, कधी अभिलाषा दिसली, असे सांगतात. म्हणजे अर्थ एका तुकड्यात नसतो, तो दोन तुकड्यांच्या मधल्या फटीत असतो.

हे शिकून मी फार हुशार झाले होते. आमच्याकडे बाबांच्या चेहऱ्याचा एक तुकडा होता. कपाळावर घाम, डोळे बारीक केलेले, ओठ घट्ट मिटलेले. दुसरा तुकडा बागायतदारांचा. व्हरांड्यात पंख्याखाली खुर्चीत बसून ते वही लिहीत आहेत. मी एकापुढे एक तीन तुकडे लावले : खुर्चीतले मालक, बाबांचा चेहरा, बाबांचे चिकाने काळे पडलेले हात. गटातल्या सर्वांनी टाळ्या वाजवल्या. एका मित्राने “जळजळीत!” असा शेरा दिला. मलाही वाटले की आपण काहीतरी मोठे सत्य सांगितले.

घरी मोबाइलवर मी ते बाबांना दाखवले. त्यांनी एकदा पाहिले. पुन्हा लावायला सांगितले. मग म्हणाले, “अगो, ह्या वेळेला मी च्याची वाट बघत होतो. तुझी आई किटली घेऊन येत होती. उन्हात डोळे बारीक केले होते.”

मी म्हटले, “पण बाबा, बघणाऱ्याला ते कुठे कळते?”

“तेच सांगतोय. मालक बघतील, वाडीतली माणसा बघतील. त्यांना वाटेल मी असा बघतो. उद्या मी त्यांच्यापुढे उभा कसा राहू?”

मला राग आला. मी विचारले, “तुम्हाला कधीच राग येत नाही का?”

बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “येतो की. पण त्या दिवशी नव्हता आला. येईल त्या दिवशी घेऊन ये तुझा क्यामेरा.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. माझा कट खोटा होता का? उन्हातले हात आणि पंख्याखालची खुर्ची या दोन्ही गोष्टी खऱ्याच होत्या. पण त्यांच्या मधला चेहरा मी चोरून आणला होता. बाबांच्या तोंडी त्यांचे नसलेले वाक्य मी घातले होते आणि त्याची किंमत मोजावी लागणार होती ती मला नव्हे, त्यांना. मी कॉलेजात टाळ्या घेणार होते. ते दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता त्याच बागेत जाणार होते. आमच्या घरात लिहिण्या-दाखवण्याची सत्ता प्रथमच कोणाच्या हाती आली होती. ती मी पहिल्यांदा वापरली ती आपल्याच माणसावर.

सकाळी मी तो चेहरा काढून टाकला. गटात वाद झाला. “लघुपटाचा प्राणच गेला,” असे दिग्दर्शक मित्र म्हणाला आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. सरांनी निर्णय आमच्यावर सोपवला. एवढेच म्हणाले, “ती जागा रिकामी ठेवू नका. तिथे काय खरे आहे ते वहीत शोधा.”

पाचवा धडा : न कापणे

वही पुन्हा पहिल्या पानापासून वाचली. तुकडा क्रमांक ८७, लांबी १ मिनिट १२ सेकंद. घडते ते : ‘टेंपोत पेट्या भरणे. बाबा दोरीशी काहीतरी करतात.’ वाटले ते : ‘कंटाळवाणे.’

मी तो नीट पाहिला. बाबा तिसरीपर्यंत शिकलेले. चालत्या कामात त्यांना वही धरता येत नाही. कमरेला खोचलेल्या सुंभाच्या दोरीला ते दर पेटीमागे एक गाठ मारतात. एक हात पेटीला, दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी गाठ. शेवटची पेटी चढते, तेव्हा व्हरांड्यातून आवाज येतो, “किती झाल्या?” बाबा दोरी बोटांतून सरकवतात आणि सांगतात, “तेचाळीस.” मालक वहीत पाहतात आणि मान हलवतात. बस्स, एवढेच. लहानपणापासून मी ती दोरी घरात खुंटीवर पाहत आले होते. ती कशासाठी असते हे मी कधी विचारले नव्हते.

आमच्या सहा मिनिटांपैकी एक पंचमांश वेळ मी या एका तुकड्याला दिला आणि त्यात कात्री लावली नाही. तो कापून वीस सेकंदांचा केला असता तर ‘बाबा गाठी मारून मोजतात’ एवढी माहिती मिळाली असती. पूर्ण ठेवला म्हणून बघणारा स्वतः मोजू लागतो आणि त्या मोजण्यात माणसाचे कसब त्याला कळते. संकलन म्हणजे कापणे, अशी माझी समजूत होती. कोठे कापायचे नाही ते कळणे हाही त्या विद्येचा अर्धा भाग आहे.

आईचाही एक धडा सांगायचा राहिला. आढी मधूनमधून उघडून डागाळलेला आंबा बाजूला काढावा लागतो. नाहीतर तो शेजाऱ्यांना बिघडवतो. लघुपटातून काढलेल्या तुकड्यांचा ढीग पाहून मी हळहळत होते. आई म्हणाली, “डागाचा आंबा टाकतो होय गो आपण? त्याचा रस होतो.” म्हणून मी काढलेले तुकडे पुसले नाहीत. ते सर्व एका फोल्डरमध्ये ठेवले आहेत आणि त्या फोल्डरचे नाव आहे ‘रस’. बाबांचा तो चहाची वाट बघणारा चेहराही त्यातच आहे. कधी चहावर लघुपट केलाच तर उपयोगी पडेल!

समारोप

सप्टेंबरात महाविद्यालयाच्या सभागृहात चारही लघुपट दाखवण्यात आले. बाबा धुतलेला सदरा घालून आले आणि शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसले. महाविद्यालयाच्या इमारतीत ते प्रथमच येत होते. गाठींचे दृश्य सुरू झाले तेव्हा सभागृहात कुजबूज थांबली. माझ्या पुढच्या रांगेतली एक मुलगी बोटांवर मोजत होती. बक्षीस दुसऱ्या गटाला मिळाले आणि ते योग्यच होते. त्यांचा आवाज आमच्याहून पुष्कळ स्वच्छ होता.

पुढील वर्षीच्या मित्रांना थोडक्यात सांगते. चित्रीकरण कमी करा, विचार जास्त करा. वही ठेवा. मूळ तुकडे दोन ठिकाणी ठेवा. दिशेची रेषा ओलांडू नका. ठिकाणाचा आवाज घेतल्याशिवाय घरी येऊ नका. आणि ज्या माणसाचा चेहरा तुम्ही पडद्यावर मोठा करणार आहात त्याला तो आधी दाखवा. तो जे म्हणेल ते सर्व मान्य करावेच असे नाही; पण ऐकल्याशिवाय कात्री चालवू नका.

घरी परतताना एस. टी.त बाबांना विचारले, “कसा वाटला?” ते खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, “मधी एक गाठ चुकीची मारली होती, ती मी सोडवली. ते पण दिसला त्यात.”

“काढून टाकायला हवे होते का?”

“नको,” बाबा म्हणाले. “ऱ्हाऊ दे.”